मोठ्यांनी आधी बदलावं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या यावल-रावेर पट्ट्यात गावोगाव गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. केळीच्या खांबांची मखरं उभी राहतात. पहाटेचं स्नान, सोवळं, एक वेळचं जेवण, जमिनीवरची पथारी आणि सात दिवस पोथी. पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो, पाळणा म्हटला जातो, सुंठवडा वाटला जातो. सारं यथासांग पार पडतं. आणि प्रवचन संपलं, मंडळी उठली, की कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतं, "महाराज, इतकी पारायणं झाली, पण घरात शांतता काही येत नाही. चुकतं काय?"

मी त्यांना एवढंच विचारतो, "बाबा, पारायणानं तुमच्यात काय बदललं?"

त्यावर उत्तर ठरलेलं असतं. "माह्यात काय बदलाचं हाये? बदलाचं तं पोरानं!"

हसू नका. हे उत्तर त्या एकट्याचं नाही, तुमचं-माझं, सगळ्यांचं आहे. बाप म्हणतो पोरानं बदलावं. सासू म्हणते सुनेनं बदलावं. मालक म्हणतो सालदारानं बदलावं. उपदेशाचं पाणी नेहमी उताराकडे वाहतं. ज्याचा आवाज घरात लहान, त्यालाच आपण "बदलायला शीक" म्हणून सांगतो. पण ज्या पोथ्या आपण सोवळ्यात वाचतो, त्या काय सांगतात हे नीट पाहिलं, तर तिथं उलटंच दिसतं. भागवत घ्या, गुरुचरित्र घ्या. तिथं बदलायची पाळी आधी मोठ्यांवर येते. ज्याच्याजवळ मान आहे, विद्या आहे, गादी आहे, त्यालाच विचारलं जातं की तू बदलायला तयार आहेस का? जो तयार झाला तो वाढला, जो झाला नाही तो आहे त्या मानासकट बुडाला. यंदाच्या दत्तजयंतीला एवढी एकच गोष्ट आपण मिळून पाहू.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. हडकाई-खडकाईच्या संगमावरचं महर्षी व्यासांचं मंदिर आपल्याला नवं नाही. गुरुपौर्णिमेला तिथं केवढी गर्दी होते! महर्षींचा वास या संगमावर झाला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आपण रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, जगद्गुरू म्हणून हात जोडतो. पण या जगद्गुरूची एक हकीकत भागवताच्या पहिल्या स्कंधात आली आहे, ती दर्शनाच्या रांगेत कितीजणांना आठवते?

व्यासांनी वेदांचे चार भाग केले. महाभारत रचलं. ज्यांना वेदाचा अधिकार नव्हता त्यांनाही धर्म कळावा म्हणून एवढा खटाटोप केला. एवढं करून ते सरस्वतीच्या तीरावर बसले आहेत, आणि मन मात्र प्रसन्न नाही. काहीतरी राहिलं आहे, काय ते समजत नाही. विचार करा, महाभारत लिहून झालेला माणूस अस्वस्थ बसला आहे! तेवढ्यात नारद आले. व्यासांनी त्यांचा सत्कार केला आणि सरळ विचारलं, माझ्यात काय उणं आहे ते सांगा. नारदांनीही भीड ठेवली नाही. त्यांनी सांगितलं, तू धर्म-अर्थ पुष्कळ वर्णिलेस, पण भगवंताचा महिमा तेवढ्या प्रेमानं गायला नाहीस, म्हणून तुझं मन भरत नाही.

आता आपण व्यासांच्या जागी असतो तर? "मी व्यास! मला शिकवायला आलास?" एवढं बोलून झालं असतं. घरात कुणी जेवणाच्या पानावर एक शब्द बोललं तर आपण दोन दिवस तोंड फिरवून बसतो. व्यासांनी तसं केलं नाही. ते ऐकत राहिले. आणि नारदांनी त्यांना स्वतःची हकीकत सांगितली, तीही मोठी आहे. पूर्वजन्मी नारद एका दासीचा मुलगा होते. चातुर्मासात साधू मुक्कामाला आले, त्यांची सेवा केली, त्यांचं उष्टं प्रसाद म्हणून खाल्लं, त्यांच्या तोंडची हरिकथा ऐकली. मूल पाच वर्षांचं. एके रात्री आई गाईची धार काढायला बाहेर पडली आणि तिला सर्प डसला. आई गेली. जगात दुसरं कुणी नाही. त्या मुलानं तेही भगवंताचाच अनुग्रह मानलं आणि उत्तरेच्या वाटेला लागलं. त्याच मुलाचे पुढे नारद झाले. म्हणजे व्यासांना सांगायला जो आला, तो स्वतः आधी आतून बदललेला होता. म्हणून त्याचं बोलणं लागलं, पण टोचलं नाही.

व्यास नंतर एकाग्र होऊन बसले आणि भागवत प्रकटलं. आज घरोघर भागवत सप्ताह होतात, ते कशामुळे? "माझं काम अजून अपुरं आहे" हे एका मोठ्या माणसानं मान्य केलं, त्यामुळे. संगमावर आपण ज्यांच्यापुढे डोकं टेकवतो, त्यांचं मोठेपण ग्रंथांच्या ओझ्यात जेवढं आहे, तेवढंच या ऐकून घेण्यातही आहे.

याच भागवताच्या अकराव्या स्कंधात आपले अवधूत आहेत. भगवान श्रीकृष्ण उद्धवाला जुना संवाद सांगतात. यदू राजाला एक निश्चिंत अवधूत भेटला, अंगावर तेज, मनाला कसलीच टोचणी नाही. ते दत्तप्रभूच, अशी आपल्या संप्रदायाची धारणा. राजानं नम्रपणे विचारलं, तुम्हाला हे कुठून मिळालं? पाहा, विचारणारा राजा आहे आणि ज्याला विचारतो त्याच्या अंगावर धड वस्त्रही नाही. इथंही आधी वाकला तो मोठाच. अवधूतांनी चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कुमारिका, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारीण माशी.

या यादीकडे नीट बघा. यातल्या एकानंही अवधूतांना मंत्र दिला नाही, जवळ बसवलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. बाण करणारा तर आपल्या कामात इतका बुडाला होता की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळली नाही. त्याला ठाऊकसुद्धा नाही की कुणी आपल्याला गुरू केलं. मग गुरुपण कुठं होतं? ते शिष्याच्या तयारीत होतं. ज्याला बदलायचं आहे त्याला बाण करणाराही पुरतो. ज्याला नाही, त्याच्या दारात साक्षात दत्त आले तरी तो विचारील, "भिक्षा पाहिजे का? पुढच्या घरी जा."

आणि अवधूतांनी प्रत्येकाकडून आपल्या वागण्यात फरक करून घेतला. पृथ्वीकडून सोसणं घेतलं. कबुतराकडून काय घेऊ नये ते घेतलं, कारण पिलांच्या मोहानं ते जोडपं पारध्याच्या जाळ्यात आपणहून शिरलं. म्हणजे चोवीस गुरूंपैकी कित्येक "असं होऊ नये" म्हणून गुरू आहेत. हा फार मोठा आधार आहे बरं का. गावातला दारुडा, कज्जेदलाल, पैशाला चिकटलेला सावकार, यांच्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. अवधूत तिथं थांबून स्वतःकडे वळतात आणि पाहतात, यातलं माझ्यात किती आहे?

या चोवीसांतल्या दोन बायकांपाशी मला थोडं थांबायचं आहे.

पहिली कुमारिका. घरची मंडळी बाहेर गेलेली, आणि हिला पाहायला पाहुणे आलेले. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली. मुसळाबरोबर हातातली काकणं वाजू लागली. घरात कांडायला दुसरं माणूस नाही हे पाहुण्यांना कळलं, तर घरची गरिबी उघडी पडेल. तिनं एकेक काकण उतरवलं. दोन राहिली, तीही वाजली. मग एकच ठेवलं. आवाज थांबला, काम झालं. अवधूत म्हणतात, मी हिच्याकडून एकांत शिकलो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिनं पाहुण्यांवर राग काढला नाही, मुसळावर काढला नाही, दैवाला बोल लावला नाही. वाजत होतं ते आपल्या हातात आहे, एवढं तिनं ओळखलं आणि तेवढं उतरवलं. आपल्या घरातही भांडण पेटतं तेव्हा काहीतरी वाजत असतं. ते समोरच्याच्या हातात वाजतं आहे अशी आपली खात्री असते. एकदा आपलं मनगट तपासून बघावं.

दुसरी पिंगला. विदेह नगरीतली गणिका. नटूनथटून दारात उभी, कुणीतरी पैसेवाला येईल म्हणून. हा येईल, तो येईल, आत जाते, बाहेर येते, अर्धी रात्र सरली. कुणी आलं नाही. आणि त्या निराशेतच तिला उमगलं की जो सदाचा जवळ आहे त्याला सोडून मी कुणाची वाट पाहत बसले! तिनं आशा सोडली आणि शांत झोपली. तिचं नगर तेच, घर तेच. कुणी तिला उपदेश करायला आलं नव्हतं. आलेली निराशा तिनं नाकारली नाही, तिच्यातून ती पलीकडे गेली. आणि तिला गुरू कुणी केलं? प्रत्यक्ष अवधूतांनी. गावानं जिला दारात उभं केलं नसतं, तिला दत्तांनी गुरूंच्या पंगतीत बसवलं.

ही अवधूतांची कथा आपल्या घरात मराठीत आली ती नाथांमुळे. नाथ संस्कृतात पारंगत, त्यांचे सद्गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त. पंडितांच्या भाषेत राहिले असते तर मानही मिळाला असता. पण नाथांनी भाषा बदलली. काशीसारख्या ठिकाणी बसून शके १४९५ म्हणजे सन १५७३ मध्ये त्यांनी एकादश स्कंधावरची मराठी टीका पुरी केली. शेतकऱ्याच्या, बायाबापड्यांच्या भाषेत बोलणं त्यांनी कमीपणाचं मानलं नाही. इथंही वाकले ते विद्वानच.

आता गुरुचरित्राकडे येऊ. पारायणाच्या ओघात चोविसावा अध्याय आपण भरभर वाचून जातो. कुमसी गावात त्रिविक्रम भारती नावाचे यती होते, वेद जाणणारे, नृसिंहाची मानसपूजा करणारे. त्यांच्या कानी आलं की गाणगापुरात एक संन्यासी पालखीत बसतो, पुढे वाद्यं वाजतात, राजा सेवा करतो. त्यांनी म्हटलं, हा तर दांभिक. श्रीगुरूंना हे समजलं, आणि ते स्वतः कुमसीला निघाले. त्या दिवशी त्रिविक्रमांना मानसपूजेत देवाची मूर्ती स्थिर होईना. समोर पाहतात तो श्रीगुरूंबरोबरची सारी सेना त्यांना दंडधारी संन्याशांच्या रूपात दिसू लागली. यातला खरा श्रीगुरू कोण हेही ओळखू येईना. त्यांनी लोटांगण घातलं. ज्याला दांभिक म्हटलं, त्याच्याच पायांवर गावादेखत डोकं ठेवलं.

दर्शन झालं हा चमत्कार आहेच. पण दर्शन झाल्यावर आपलं मत सोडणं, तेही लोकांसमोर, याला काय म्हणाल? आपल्याकडे माणूस पटलं तरी मान्य करत नाही. "मी तसं म्हटलंच नव्हतं" असं म्हणतो.

आणि पोथीची मांडणी बघा किती सूक्ष्म आहे. याच त्रिविक्रमांच्या दारात पुढच्याच अध्यायात दोन विद्वान येतात. राजदरबारी वेद म्हणून दाखवून धन मिळवलेले, वादात जिंकून जयपत्रं गोळा करत फिरणारे. ते त्रिविक्रमांना म्हणतात, एक तर आमच्याशी वाद घाल, नाही तर जयपत्र लिहून दे. पूर्वीचे त्रिविक्रम असते तर कदाचित वादाला बसलेही असते. आता ते शांतपणे सांगतात की मी भिक्षुक, मला वादाचं काय? आणि त्या दोघांना श्रीगुरूंकडे गाणगापुरास घेऊन जातात. श्रीगुरू वेदांचा विस्तार केवढा अफाट आहे ते सविस्तर समजावतात. म्हणजे परत फिरायला वाट देतात. पण ते ऐकत नाहीत. शेवटी वाटेनं जाणाऱ्या, लोकांनी पतित मानलेल्या एका माणसाला बोलावून, सात रेघा ओढून, श्रीगुरू त्याच्या तोंडून वेद वदवतात. गर्व करणाऱ्यांची वाचाच बसते.

त्रिविक्रमही विद्वान, ते दोघेही विद्वान. फरक केवढा? एकानं आपली चूक दिसताच हातातलं मत खाली ठेवलं. दुसऱ्यांनी हातातली जयपत्रं घट्ट धरली. आपणही घरात जयपत्रंच गोळा करतो ना? "बघ, मी म्हटलं होतं की नाही!" हे वाक्य म्हणजे जयपत्रच. असली किती जयपत्रं जमली, आणि त्यांच्यापायी किती माणसं दूर गेली, याचा हिशेब कधीतरी करावा.

इथं एक सावधगिरीही पोथीच सांगते. परिस्थिती बदलली म्हणजे माणूस बदलला, असं नव्हे. नवव्या अध्यायातला कुरवपूरचा रजक आठवा. कृष्णेच्या तीरावर श्रीपाद श्रीवल्लभांची भक्तीनं सेवा करणारा. नदीत नावांमधून क्रीडा करणारा राजा पाहिला आणि मनात आलं, जन्मावं तर असं. श्रीपादांनी ते ओळखलं, पुढच्या जन्मी राज्य दिलं. पन्नासाव्या अध्यायात तो राजा होऊन भेटतो. हत्ती, घोडे, वैभव सगळं आहे, आणि मांडीला फोड आला आहे, तो कुठल्या वैद्यानं बरा होत नाही. शेवटी तो गाणगापुरास येतो, श्रीगुरू त्याला रजक म्हणूनच हाक मारतात आणि सारी पूर्वस्मृती जागी होते. राज्यानं जे झालं नाही ते त्या हाकेनं झालं. आपल्याकडेही कुडाच्या घराचा बंगला झाला, बैलगाडी जाऊन मोटार आली, पोरं पुण्या-मुंबईला गेली. चांगलंच झालं. पण मनात भावाबद्दलचा जुना फोड ठणकतोच आहे, तर बदललं काय?

"महाराज, तुम्ही ग्रंथातलं सांगता, आमच्या मातीतलं सांगा," असं कुणी म्हणेल. मग तापीपलीकडे जळगावजवळचं असोदा गाव डोळ्यांपुढे आणा. १८८० साली तिथं बहिणाबाई जन्मली. जळगावच्या चौधरी घरात सून म्हणून आली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अक्षर ओळखत नव्हती. तिशीच्या सुमारास वैधव्य आलं. त्या काळातलं खेड्यातलं वैधव्य, पदरी लेकरं, शेतीचं काम. भागवतातल्या कुमारिकेनं काकणं आपल्या हातानं उतरवली होती. हिची दैवानं हिरावली. पण काकणं गेली तरी मनगट आहे, हे तिनं ओळखलं. जातं ओढताना, शेतात राबताना तिची गाणी येत राहिली. दुःख तिनं झाकलं नाही आणि कुरवाळतही बसली नाही. माणसाच्या मनाबद्दल, कष्टाबद्दल, संसाराबद्दल ती अशी बोलली की आचार्य अत्र्यांसारखा माणूस थक्क झाला, आणि १९५२ साली, ती गेल्यावर, तिची गाणी पुस्तकरूपानं आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या निरक्षर बाईचं नाव आहे. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. काही बदल आपण करायचे असतात, काही आपल्यावर येऊन पडतात. आपल्या हातातले टाळू नयेत. येऊन पडलेल्यांखाली दबून राहू नये.

पण याचा अर्थ अन्याय गिळावा, असा मुळीच नाही. नवरा मारतो, सासर छळतं, आणि तिला कुणी "पृथ्वीसारखी सोस, अवधूतांनी सांगितलंय" असं म्हणत असेल, तर तो पोथीचा गैरवापर आहे. पृथ्वीकडून सोसणं शिकले ते अवधूत स्वतः. त्यांनी ते दुसऱ्यावर लादलं नाही. कुणाला सोसायला लावण्यासाठी गुरूचं नाव घेणं, हे तर पालखीवर टीका करण्याहून वाईट. अशा घरात आधी बदलायचं ते मारणाऱ्या हातानं, आणि त्या हाताला थांबवायचं ते घरातल्या मोठ्यांनी.

म्हणून मी घरातल्या मोठ्यांशीच बोलतो आहे. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला केळीचं सांगायला नको. खोड निसवतं, घड देतं, तो एकदाच. घड उतरला की ते खोड कापतात, आणि बाजूचं पील वर येतं. पिलबाग धरायचा तर पिलाला जागा, पाणी, ऊन मिळालं पाहिजे. जुनं खोड काही तुच्छ नसतं, त्याच्याच कंदातून पील आलेलं असतं. पण त्यानं सगळी जागा अडवून धरली तर बाग उभा राहत नाही. सत्तरी ओलांडल्यावरही तिजोरीची किल्ली कमरेला, कोणतं पीक घ्यायचं ते मीच ठरवणार, नातीनं काय शिकायचं तेही मीच, असं जिथं चालतं तिथं बघा, घरात पोरं बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. किल्ली द्यायला लागते म्हणून माणूस लहान होत नाही. मागितल्यावर सल्ला देणारा म्हातारा घरात देवासारखा असतो.

बदलायला लागलं की लोक हसतात, हेही सांगून ठेवतो. चाळिसाव्या अध्यायात कुष्ठानं पीडलेल्या नरहरीला श्रीगुरूंनी औदुंबराची वाळलेली काठी रोवून तिला पाणी घालायला सांगितलं. तो घालत राहिला. लोक म्हणाले, वेडा आहेस का, वाळल्या लाकडाला पालवी फुटते का? त्यानं गुरूच्या शब्दावर भरवसा ठेवला, पाणी थांबवलं नाही. पुढे काठीला पालवी फुटली आणि त्याचं शरीरही शुद्ध झालं. तुम्ही दहा वर्षांचा अबोला मोडून भावाच्या ओट्यावर जाऊन बसाल, तेव्हा गल्लीतले म्हणतील, "याले आता काय झालं?" म्हणू द्या. पहिल्या दिवशी भाऊही तोंड फिरवील. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घाला. काठी आपल्या आतच रोवलेली आहे.

तर यंदा सप्ताहाचा संकल्प सोडताना नेहमीच्या नियमांत एक नियम वाढवा. सात दिवसांत स्वतःतली एकच गोष्ट बदलायची. ती कुठली हे देवाला विचारू नका, घरातल्या सगळ्यांत लहान आवाजाच्या माणसाला विचारा. सुनेला विचारा, नातवाला विचारा, सालदाराला विचारा, "माझ्यात काय उणं आहे?" व्यासांनी नारदांना विचारलं होतं, मग आपल्याला लाज कसली? उत्तर मिळालं की वाद घालू नका, नुसतं ऐका. आठव्या दिवशी उद्यापनाला ब्राह्मण-सुवासिनी जेवतील, पोथी फडक्यात बांधली जाईल, आणि ती बांधणारे हात थोडे तरी वेगळे असतील. दत्तप्रभूंना याहून मोठा नैवेद्य मला तरी ठाऊक नाही.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥